निळ्या वायरीचा चमत्कार

सर्व्हर रूमच्या काचेबाहेर त्या सकाळी तोबा गर्दी उसळली होती. हिशेब विभाग आला होता, पॅकिंगवाले आले होते, गाड्यांचं वेळापत्रक लावणारे आले होते. ज्यांचा त्या खोलीशी जन्मात संबंध आला नव्हता, तेही टाचा उंचावून आत डोकावत होते. आतल्या भिंतीवर मोठा पडदा होता आणि पडद्यावर एकच आकडा. चाळीस. म्हणजे ही खोली या घटकेला चाळीस किलोवॅट वीज खात होती.

कपाटांसारख्या उंच यंत्रांच्या रांगेपुढे एक माणूस डोळे मिटून उभा होता. गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा शर्ट, पायांत पांढरे बूट, कॉलरला माइक. डॉक्टरनं तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा, तसा एक तळवा त्यानं यंत्राच्या दारावर ठेवला होता.

“घाई नको,” तो हलक्या आवाजात म्हणाला. “इतकी वर्षं तुम्ही याला राबवलंत. कधी विचारलंत, बाबा रे, दमलास का? सगळे विजेला ढकलतात. आपण ढकलायचं नाही. आपण विनवायचं.”

“विनवायचं,” मागच्या रांगेत कुणीतरी नकळत पुटपुटलं.

त्यानं खिशातून तळहाताएवढं एक कार्ड काढलं, दिव्याच्या उजेडात फिरवून सगळ्यांना दाखवलं आणि यंत्रात सरकवलं. “आता एक श्वास घ्या.” गर्दीनं घेतला. “सोडा.” गर्दीनं सोडला. कोपऱ्यात बसलेल्या ॲडमिननं, म्हणजे या यंत्रांची देखभाल करणाऱ्या माणसानं, कळफलकावर दोन-चार बटणं दाबली.

आकडा हलला. अडतीस. एकतीस. बावीस. कुणीतरी “अगं बाई!” म्हणालं. चौदा. शेवटी तो दहावर आला आणि तिथेच थांबला.

टाळ्यांनी काचा थरथरल्या. मोठे साहेब, कंपनीचे संचालक, एरवी कुणाशी हात मिळवतानाही बोटांची टोकंच पुढे करत. त्यांनी पुढे होऊन त्या माणसाला मिठी मारली.

गर्दीत एक बहीण-भाऊ शेजारी शेजारी उभे होते. भाऊ तळमजल्यावरच्या शीतगृहाचा प्रमुख. अंगातलं जाडं जाकीट न काढताच तो वर धावत आला होता आणि जोरजोरात टाळ्या वाजवत होता. बहीण मापन विभागातली अभियंता. इमारतीतल्या प्रत्येक यंत्राचं तापमान, दाब आणि वीज मोजणं हे तिचं काम. मीटरला काटा असायचा त्या काळापासून ती हेच करत आली होती, म्हणून सगळे तिला काटाताई म्हणत.

“अगं, वाजव की टाळ्या. हात काय झिजतात?” भाऊ म्हणाला.

“दादा, गेली कुठे ती?”

“कोण?”

“वीज.”

“वाचली!”

“वाचली म्हणजे तिचं काम कुणी केलं?”

“झालं तुझं सुरू! लग्नाला गेलीस तरी जेवायच्या आधी खुर्च्या मोजशील.” दादा हसला आणि पुन्हा टाळ्या वाजवू लागला.

संध्याकाळी घरी त्यानं हा सगळा सोहळा बायकोला, म्हणजे काटाताईच्या वहिनीला, हातवारे करून सांगितला. श्वास कसा घ्यायला लावला, आकडा कसा उतरला. वहिनी कपडे घड्या करत ऐकत होती.

“म्हणजे हात ठेवला आणि यंत्र गार पडलं?”

“कार्ड, अगं. कार्डाची कमाल.”

“मग हात कशाला ठेवला?”

“ते… त्याची पद्धत आहे,” तो म्हणाला.

“गारबुवा म्हणा त्याला,” वहिनी म्हणाली. घड्या करण्यातला तिचा वेग जराही कमी झाला नाही. ते नाव काटाताईच्या तोंडून ऑफिसात गेलं आणि दोन दिवसांत सगळ्यांच्या तोंडी झालं. मात्र ऑफिसातले लोक ते प्रेमानं म्हणत.

आता त्या खोलीत काय चालायचं, ते सांगायला हवं. कंपनी औषधं साठवायची आणि पोचवायची. काही औषधं अशी, की वाटेत कुठे तापली तर वाया गेली. तेव्हा औषध बनवणारे, साठवणारे, वाहून नेणारे आणि शेवटी दवाखाने, अशा सगळ्यांनी मिळून एक सामाईक नोंद ठेवायचं ठरवलं. ब्लॉकचेन म्हणतात ती हीच. कुणा एकाच्या ताब्यात ती नसते, प्रत्येकाकडे तिची प्रत असते. “खोका मिळाला, इतका थंड होता” अशी नोंद एकानं केली की तिच्याखाली त्याची संगणकीय सही पडते. मग इतर प्रत्येकाचं यंत्र ती सही खरी की खोटी हे तपासतं, आणि मगच नोंद पक्की होते. मागची नोंद गुपचूप बदलता येत नाही. योजना चांगली होती. काटाताईलाही ती आवडायची, कारण तिच्यात कुणाच्या शब्दावर विसंबावं लागत नसे.

अडचण विजेची. एकच गोष्ट प्रत्येकानं पुन्हा पुन्हा तपासायची म्हटल्यावर यंत्रं दिवसरात्र धावणार. वरून आदेश आला, सर्व्हर रूमचा खर्च कमी करा. साहेबांची झोप उडाली. आणि नेमका त्याच सुमारास गारबुवा आपलं कार्ड घेऊन दारात उभा राहिला. सह्या तपासायचं काम मुख्य यंत्राकडून काढून या खास कार्डाकडे द्यायचं, ते झटपट करतं आणि कमी वीज खातं. अशी कार्डं असतात, काही काही खरंच चांगली असतात. प्रश्न एवढाच की किती वाचवतात.

महिनाअखेरीस सगळीकडचे मीटर वाचले गेले. सर्व्हर रूम चौथाईवर आलेली. साहेबांनी भागीदार कंपन्यांना, वरच्या कार्यालयाला कळवून टाकलं. बाकीच्या कंपन्यांनीही गारबुवाची कार्डं मागवायची ठरवली. पण इमारतीच्या मुख्य मीटरवर म्हणावी तशी घट नव्हती. शोधाशोध झाली आणि कारण सापडलं. शीतगृहाचा वापर अचानक वाढला होता.

दादाला वर बोलावलं. तो परत आला तेव्हा काटाताई शीतगृहाच्या दाराशी उभी होती. दादा तिच्याशी न बोलता वाकला, कागदाचा एक कपटा दाराच्या कडेला ठेवला, दार लावलं आणि कपटा ओढून बघितला. निघाला नाही. दाराचं रबर सैल असतं तर कपटा सहज सुटून आला असता. दादानं जरा खाली दुसरा कपटा लावला. मग तिसरा.

“काय म्हणाले?”

“म्हणाले, दार उघडं राहतंय.” कपटा ओढत तो म्हणाला. “म्हणाले, कार्डानं वाचवलं ते तुम्ही घालवलं.”

“आणि तू काय म्हणालास?”

“मी म्हटलं, नाही राहत. मग ते म्हणाले, मग वीज कुठे जाते? मला काही सांगता येईना, छोटे.”

“आतलं तापमान?”

“तापमान ठीक आहे.”

“कॉम्प्रेसर जास्त धावतोय?”

“तसा वाटत नाही.” त्यानं आणखी एक कपटा लावला. “पण मला हल्ली वाटतं त्याचा काय भरवसा? परवा चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधत होतो. तुझ्या वहिनीला विचार.”

दादाचा चष्मा काटाताई शाळेत असल्यापासून हरवत आला होता. पण शीतगृहाचं दार कधी उघडं राहिलं नव्हतं.

त्यानंतर दादा बदलला. जेवता जेवता मध्येच उठे. गप्पांत त्याचं लक्ष नसे. शीतगृहातून बाहेर पडल्यावर दहा पावलं जाऊन परत फिरे, मूठ धरून दार हलवून बघे. मदतनीस आधी हसायचे, मग हसेनासे झाले, आणि मग त्याच्या मागोमाग तेही दार हलवून बघू लागले. वहिनीनं एकदा काटाताईला स्वयंपाकघरात गाठलं.

“काल मला म्हणतात, मी विसरायला लागलोय का गं, खरं सांग. मी काय सांगू? तू शिकलेली आहेस ना? काहीतरी कर.”

“करते, वहिनी.”

“करते करते म्हणू नकोस. माणूस आतून पोखरत चाललाय.”

काटाताईनं आधी कागदावर विचार केला. सर्व्हर रूमची वीज कोणत्या कामाला किती लागते, हे तिनं मागे मोजून ठेवलं होतं. सह्या तपासायला साधारण चौथा हिस्सा. बाकीचे तीन हिस्से नोंदी साठवणं, त्या एकमेकांना पाठवणं, पंखे फिरवणं आणि नुसतं जागं राहणं यांत जात. घरापासून कामापर्यंतचा रस्ता तासाभराचा आहे आणि त्यात पंधरा मिनिटं पूल ओलांडण्यात जातात, असं समजा. कुणी मंत्र टाकून पूल एका क्षणात ओलांडून दिला, तरी उरलेली पाऊण तासाची चाल कुणाला चुकत नाही. कार्डानं सह्यांचा खर्च अगदी शून्यावर आणला असता, तरी तीन हिस्से उरायला हवे होते. इथे एकच उरला होता.

हे तिनं गारबुवाला विचारलंसुद्धा. तो कॅन्टीनमध्ये पाच-सहा भक्तांच्या गराड्यात बसला होता.

“ताई, तुमचा हिशेब जुन्या यंत्राचा,” तो मायेनं म्हणाला. “कार्ड बसलं की यंत्राचा स्वभाव बदलतो. एक इंद्रिय शांत झालं की बाकीची आपोआप शांत होतात.”

“स्वभाव कशात मोजतात?”

भक्त हसले, पण तिला. “काटाताई, सगळं मोजता येत नाही हो,” हिशेब विभागातला एक जण म्हणाला. आयुष्यभर ज्यानं मोजण्याचंच काम केलं, त्यानं हे म्हणावं याचं तिला नवल वाटलं.

मग ती थेट सर्व्हर रूममध्ये गेली. समोरून ही यंत्रं सगळ्यांनी पाहिली होती. मागे सहसा कुणी जात नसे. मागे वायरींचं जंजाळ, आणि पंखे आतली गरम हवा बाहेर फेकत असतात. विजेचं एक बरं असतं. यंत्रात गेलेली वीज शेवटी जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. वीज चौथाईवर आली, तर उष्णताही चौथाईवर यायला हवी.

तिनं हात धरला. हवा पहिल्याइतकीच गरम होती. तापमापी लावली. महिन्यापूर्वी होतं तेच, एखादा अंश इकडेतिकडे. पंखेही तसेच घोंघावत होते.

“हात भाजून घ्याल, ताई,” मागून ॲडमिन म्हणाला.

“चौथाई विजेवर इतकी गरम हवा कशी रे येते?”

“तो कार्डाचा परिणाम असेल.”

“कार्ड गार करतं की गरम?”

ॲडमिननं डोकं खाजवलं. “तुम्हाला काय विचारायचंय ते सरळ विचारा ना.”

“त्या दिवशी आकडा उतरायच्या आधी तू बटणं दाबलीस. काय केलंस?”

“काही विशेष नाही. गारबुवांनीच सांगितलं होतं. कार्डाला शुद्ध वीज लागते म्हणून निळ्यावर घेतलं.”

असं तो ‘खिडकी लावली’ म्हटल्याच्या सुरात म्हणाला. काटाताई मात्र जागच्या जागी खिळली.

त्या खोलीतल्या जवळपास प्रत्येक यंत्राला दोन वायरी होत्या, एक तांबडी, एक निळी. एका बाजूची वीज गेली तर यंत्र दुसरीवर चालावं, म्हणून ही सोय असते. तांबडी वायर सर्व्हर रूमच्या स्वतःच्या पॅनेलमधून यायची. निळी यायची खालून, शीतगृहाच्या पॅनेलमधून. इमारत बांधली तेव्हा जनरेटरचा भक्कम आधार फक्त शीतगृहाला होता, म्हणून संकटकाळची वायर तिथून ओढली. निळीतून एरवी वीज घ्यायचीच नाही, असं तेव्हा ठरलं. घ्यायची नाही म्हणून तिला मीटर बसवला नाही. मीटर नाही म्हणून तिच्याकडे बघायची पद्धत पडली नाही. नवीन आलेल्याला पहिल्याच दिवशी सांगत, निळीला हात लावायचा नाही. का, ते कुणी सांगत नसे. पुढे ते कुणाला माहीतही राहिलं नाही.

गारबुवाला मात्र माहीत होतं. जिथे जाईल तिथे तो आधी यंत्रांच्या मागे जात असणार.

यंत्रांनी काम कमी केलंच नव्हतं. एका नळानं प्यायचं सोडून ती दुसऱ्या नळानं पीत होती. पडद्यावरचा आकडा तांबड्या वायरींचा होता. ज्या थोड्या यंत्रांना एकच वायर होती ती तेवढी तांबडीवर राहिली, तेच ते दहा किलोवॅट. बाकीचा सगळा बोजा निळीवाटे शीतगृहाच्या मीटरवर चढला होता. याची टोपी त्याच्या डोक्यावर, आणि ते डोकं दादाचं होतं.

खोलीच्या कोपऱ्यात निळ्या वायरींचा डबा होता. तिनं तो उघडला आणि क्लॅम्प मीटर काढला. हा चिमट्यासारखा असतो. वायर न तोडता नुसती जबड्यात धरली की आतून किती वीज वाहते ते दाखवतो. एकेक वायर धरून तिनं बेरीज केली. सत्तावीस. दहा आणि सत्तावीस, सदतीस. पूर्वी चाळीस होते. म्हणजे कार्डानं खरोखर तीन वाचवले होते. तिनं तेही नीट लिहून घेतलं. कार्डावर अन्याय करायचं तिला कारण नव्हतं.

“अरे देवा,” ॲडमिन म्हणाला. “मी फक्त सांगितलं ते केलं.”

“मला माहीत आहे. आता सगळ्यांसमोर तेच उलटं करशील?”

दुसऱ्या दिवशी साहेब आले, गारबुवा आला, आणि बातमी फुटल्यामुळे पहिल्या दिवसाइतकीच गर्दीही आली. दादा नव्हता. तिनं बोलावलं होतं, पण त्याला वर यायला वेळ नसल्याचा निरोप आला. काटाताईला भाषण येत नव्हतं. तिनं तांबडी आणि निळी वायर हातात धरून दाखवली, कुठली कुठून येते ते सांगितलं, आणि ॲडमिनला म्हणाली, “काढ एकेक निळी.”

त्यानं पहिली काढली. आकडा तेरावर गेला. दुसरी, तिसरी. एकोणीस. सव्वीस. यंत्रं बंद पडली नाहीत, अडखळलीसुद्धा नाहीत. शेवटची निळी सुटली तेव्हा पडद्यावर सदतीस उभे होते.

काटाताईला वाटलं, झालं. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

गारबुवानं खोल श्वास घेतला आणि टाळी वाजवली. एकच, सावकाश.

“आभार, ताई,” तो म्हणाला. “मी इतके दिवस जे सांगतोय ते तुम्ही आज सिद्ध केलंत. बघा मंडळी! शुद्ध वीज होती तोवर आकडा दहा. शुद्ध वीज काढली, आकडा सदतीस. कार्डाचा प्राणच काढून घेतला, मग कार्ड काय करणार? मासा पाण्याबाहेर काढून म्हणायचं, पोहत नाही!”

गर्दी आधी चाचरत हसली. मग सुटल्यासारखी मोकळी हसली, आणि कुणीतरी टाळ्या सुरू केल्या.

“थांबा,” काटाताई म्हणाली. “निळीतून किती जात होती ते मोजा ना. हा घ्या मीटर. कुणीही मोजा. सत्तावीस येतात. तेच सत्तावीस शीतगृहावर…”

“शीतगृहात तुमचे भाऊ ना?” हिशेब विभागातला माणूस म्हणाला. वाईट हेतूनं नव्हे, नुसतंच आठवलं म्हणून.

त्या एका प्रश्नानं तिच्या हातातल्या मीटरची किंमत संपली. लोक मीटरकडे बघायचे थांबले आणि तिच्याकडे बघू लागले. त्यांच्या नजरेत राग नव्हता, कीव होती. ती तीनदा म्हणाली की मोजा, माझा भाऊ कोण ते वायरीला माहीत नाही. कुणी हात पुढे केला नाही. ॲडमिन खाली बघत एकेक निळी वायर परत खोचत होता. आकडा उतरत दहावर आला, तेव्हा काही जणांनी सुटकेचा श्वास सोडला.

साहेबांनी तिला आपल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं.

“बसा. मला कळतं हो,” ते म्हणाले. “मीही अभियंताच होतो. तुम्ही निळी वायर धरलीत तेव्हाच कळलं.”

“मग बाहेर सांगा ना.”

“काय सांगू? मी फसलो? इतर कंपन्यांनी माझ्या शब्दावर कार्डं मागवलीत. परवा त्यांची माणसं बघायला येताहेत.” त्यांनी टेबलावरची पेन्सिल सरळ केली, मग पुन्हा तिरकी केली. “तीन वाचलेत, असं तुम्हीच म्हणता. काहीच नाही असं तर नाही. हळूहळू दुरुस्त करू. पुढच्या बैठकीत निळीला मीटर बसवायचा विषय घेऊ.”

“आणि तोवर माझा भाऊ?”

साहेबांना खरोखर वाईट वाटलेलं दिसलं. “तुम्हाला माहीत नाही? त्यांनी काल संध्याकाळीच राजीनामा लिहून दिला. स्वतःहून. माझ्याकडून दुर्लक्ष होत असावं, वयामुळे विसर पडत असावा, जबाबदारीतून मोकळं करा. आम्ही कुणी दबाव आणला नाही. मी उलट म्हटलं, विचार करा.”

ती जिन्यानं खाली आली. शीतगृहाच्या दाराशी दुसराच माणूस दादाच्या टेबलाचे खण रिकामे करत होता. दादा इमारतीबाहेर, माल उतरवायच्या फलाटाच्या कडेला बसला होता. जाकीट जमा करून टाकल्यामुळे शर्टात तो एकदम लहान दिसत होता.

ती त्याच्या शेजारी बसली आणि तिनं सगळं सांगितलं. तांबडी कुठून येते, निळी कुठून येते, ॲडमिननं कोणती बटणं दाबली, गरम हवा, दहा आणि सत्तावीस. कुठेही घाई केली नाही. दादा शांतपणे ऐकत होता, मधूनमधून मान हलवत होता.

“म्हणजे दार…” तो म्हणाला.

“बंद होतं, दादा. रोज. एकदाही उघडं राहिलं नाही.”

एक गाडी फलाटाला लागली, माणसं खोके उतरवू लागली. सवयीनं तो उठायला गेला आणि पुन्हा बसला.

“असेल,” तो म्हणाला. “तू म्हणतेस तर असेल.”

“मी म्हणते म्हणून नको ना रे!” तिचा आवाज चढला, तो क्वचितच चढायचा. “तो म्हणाला म्हणून तू टाळ्या वाजवल्यास. साहेब म्हणाले म्हणून तू मान खाली घातलीस. आता मी म्हणते म्हणून मान वर करू नकोस. हा घे मीटर. वायर धर आणि स्वतः बघ. कुणी म्हणालं खर्च नाहीसा झाला, तर त्याला विचार, कुठे गेला. हात ठेवून, श्वास घेऊन काही नाहीसं होत नाही, दादा. ते कुठेतरी दुसरीकडे निघतं, आणि निघतं तिथे कुणीतरी बसलेला असतो. एवढं एक विचार, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.”

दादानं मीटर हातात घेतला. त्याचा जबडा एकदा उघडून मिटला, मग तो जपून तिच्या मांडीवर परत ठेवला.

“विचारलं असतं गं,” तो म्हणाला. “पण मघाशीच माझा पास काढून घेतला. आता मला आत सोडत नाहीत.”